चुन्याखालची बाई

मचाणावर बसलेल्या टेसनं चाकूचं पातं भिंतीला आडवं लावलं आणि चुन्याची आणखी एक पापडी अलगद सोडवली. खाली बाकावर विनिफ्रेड मान वर करून बसली होती. हातातला चहा कधीच गार झाला होता.

इंग्लंडच्या नॉरफॉकमधल्या त्या लहानशा चर्चची ही भिंत चारशे वर्षं पांढरी होती. तिच्याखाली चित्र आहे, असं विनिफ्रेड तरुणपणापासून सांगत आलेली. गावानं ते हसण्यावारी नेलं. अखेर तिनंच जुनी चित्रं सोडवणाऱ्या टेसला बोलावून आणलं. आकृत्या निघाल्या खऱ्या, पण साऱ्या संतांच्या आणि चेहरे खरवडलेल्या. देवळात चित्रं म्हणजे पाप मानून धर्म सुधारायला निघालेल्यांनी चुना फासण्याआधी डोळेसुद्धा ठेवले नव्हते.

दार करकरलं. विनिफ्रेडचा थोरला भाऊ एडगर आत आला. चर्चचा कारभार त्याच्याकडे होता.

"झालं समाधान? उद्या गिलावा करायला माणसं येतायत, विनी. चित्रं बघायची तर माणसानं इटलीला जावं. आपल्याला देवानं पाऊस दिला आणि घोडे दिले."

"मग आपण त्यांचीच चित्रं काढली."

"घोड्यांची बरी जमली," एडगर म्हणाला.

"बाई," वरून टेसचा आवाज आला. "हिला चेहरा आहे."

दोघं धापा टाकत मचाणावर चढली.

एक सैतान खांद्यावर जाडजूड बाई घेऊन नरकाकडे निघाला होता. बाईच्या हातात बिअरचा मोठा मग. मापात पाप करणारी, गावची गुत्तेवालीच ती. गेरूच्या एका रेघेत गाल, नाक, हनुवटी. सैतान तिच्या वजनानं वाकलेला आणि ती खदखदून हसत होती. त्यांच्या मागं चुन्याखालून आणखी एका सैतानाचं शिंग डोकावत होतं.

एडगरनं वाकून तो चेहरा जवळून निरखला.

"संतांना खरवडलं," तो म्हणाला, "आणि हिला सोडलं?"

"खरवडणारे गावचेच होते ना. संध्याकाळी प्यायला कुठं गेले असते?" विनिफ्रेड म्हणाली.

एडगरनं ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायला लागले. मग त्याचं हसू फुटलं आणि छतापर्यंत घुमलं. टेसही हसली.

त्यानं कोट काढला, घडी करून फळीवर ठेवला आणि त्यावर बैठक मारली.

"मागचा सैतान कुणाला घेऊन येतोय, तेवढं बघूनच जातो."

टेसनं पुन्हा पातं लावलं. विनिफ्रेड बसली नाही. गुडघे दुखत असूनही ती भिंतीसमोर ताठ उभी राहिली.