खाटेवरचा नऊ

या, थोडं पुढं सरकून बसा. बुवांना यायला अवकाश आहे, टाळ अजून पिशवीतच आहेत. तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, माझीच आहे. पण देवळात बसूनच सांगायला हवी.

साल शहात्तर. औंढ्याकडच्या एका लहानशा दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. डॉक्टरांची चिठ्ठी कंपाउंडर दत्तोपंत मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही ऐकून कामाला लागायचो. त्याआधीची वीस वर्षं असंच चाललं होतं.

मग सुधाताई डॉक्टर म्हणून आल्या. त्यांनी प्रत्येक खाटेला पत्र्याची पाटी अडकवली. पाटीवर औषधाचं चित्र आणि पुढं इंग्रजी आकडा. ज्याचा हात मोकळा, त्यानं पाटी बघून काम करायचं. कुणी वाचून दाखवायची वाट बघायची नाही. आकडे शिकवायला त्यांनी आठवडाभर रोज चार वाजता वर्ग घेतला. नेमका तेव्हाच सप्ताह बसला होता, आणि चारला कीर्तन उभं राहायचं.

"काहून चुकवता वो?" नर्स जनकाबाई म्हणाल्या. "चार दिसांचं तर काम हाय."

मी हसून म्हणालो, "बाई, नामाला आकडा लागत न्हाई."

महिन्याभरात पटकीची साथ आली. शिरड शहापूरकडून पुंजाजी आपल्या बायकोला, चांगुणाला, बैलगाडीत घालून घेऊन आला. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुण्यात भिजल्यासारखी. सुधाताईंनी सुई लावली, पाटी लिहिली. तेवढ्यात दुसऱ्या गावाहून जीप आली, तिथं सात जण पडले होते. त्या दत्तोपंतांना घेऊन निघाल्या. जनकाबाई बाळंतिणीपाशी अडकलेल्या.

"पाटी बघून करा," जीपमध्ये बसता बसता सुधाताई मला म्हणाल्या. "वाचता येतं ना?"

"व्हय की."

इथंच माझं पाऊल घसरलं, बाबांनो. नाही म्हणायची लाज वाटली.

पाटीवर सलाईनच्या बाटलीचं चित्र होतं. पुढं आकडा: 9.

मी शाळेत गिरवलेला १ तसाच होता. वर गाठ, खाली शेपूट. शिवाय आजवर कुणालाही एकाहून जास्त बाटली लागलेली मी पाहिली नव्हती. मला शंकासुद्धा आली नाही.

बाटली अर्धी झाल्यावर चांगुणानं डोळे उघडले. "दादा, ह्यात निस्तं पानीच हाय का? मंग आमच्या आडाचं काय वाईट हुतं?"

पुंजाजी हसला. "बघा, तोंड चालू झालं. आता जगती ही."

बाटली संपली. मी सुई काढली, कापूस दाबला. चांगुणा पुन्हा पाणी पाणी करू लागली. घोटभर पाजलं तरी उलटून पडायचं.

पुंजाजी अवघडून म्हणाला, "दादा, अजून एखांदी लावता येती का?"

"डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहिलाय. त्यांच्यापरीस तुला जास्ती कळतं व्हय?"

तो बायकोच्या कानाशी वाकून म्हणाला, "दादाला कळतं. तू नीज."

दिवस कलताना जीप परतली. सुधाताईंनी खाट पाहिली, मग कपाट उघडलं.

"बाकीच्या आठ बाटल्या इथं कशा?"

मी पाटीकडं बोट केलं. "एकच लिहिली हाय की."

त्यांनी हातात येतील तेवढ्या बाटल्या उचलल्या. मग धावल्या. दोन्ही हातांत सुया घालायला बघितलं, शीर सापडेना. देवळात सांजआरतीची घंटा वाजली तेव्हा चांगुणा गेली होती.

सुधाताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही वर्गाला नव्हता. मी विचारायला हवं होतं."

पुंजाजीला मी स्वतः सांगितलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पाटीवरच्या त्या गाठीवरून नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हंजे माझं खरं हुतं?"

"व्हय, पुंजाजी."

पुढं सप्ताहातल्या कीर्तनकार बुवांच्या पायाशी जाऊन रडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही. म्हणाले, "काम चुकवून ऐकलंस, त्यातलं थोडं पाप माझ्याही पदरी आलं रे. उद्या चारला इथं दिसू नकोस."

दुसऱ्या दिवशी चारला पाटी घेऊन जनकाबाईंपुढं बसलो. सगळ्यात आधी नऊ गिरवला.

टाळ निघाले वाटतं. सावरून बसा. पण तुमच्यापैकी कुणाच्या हातून कधी नऊ लिहिला जाईल, तेव्हा शिरडकडच्या चांगुणाची तेवढी आठवण ठेवा.