भिंतीवरचा उलटा रस्ता

दिवाळीच्या सुट्टीत वर्षाराणी लेकीला घेऊन हदगावजवळच्या माहेरी आली होती. लातूरला ती अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायची. सुट्टीतही फोनवर पोरांच्या शंका येतच होत्या.

सकाळी आठ वर्षांची रेणुका धावत ओसरीवर आली, मागोमाग तिचा मामेभाऊ शिवांश. दोघांच्या केसांना कापूस चिकटलेला.

"आई, चल ना. कापसाच्या खोलीत माणसं उलटी दिसतात."

"खरंच आत्या," शिवांश म्हणाला. "दार लावलं की भिंतीवर सगळा रस्ता येतोय. आबा डोक्यावर चालून राहिले."

वर्षाराणीने फोनवरून मान वर केली नाही. "दाराच्या पत्र्याला भोक असेल. प्रकाश सरळ रेषेत जातो. वरचा किरण खाली, खालचा वर. म्हणून उलटं दिसतं."

"पण तू बघ तर."

"बघायचं काय त्यात?"

रेणुका जराशी थांबली. मग शिवांशला म्हणाली, "काही विशेष नसतं रे ते." तो एकटाच परत गेला. ती ओसरीवर बसून केसांतला कापूस उपटत राहिली.

जेवायची वेळ झाली तरी शिवांश येईना, म्हणून वर्षाराणी त्याला बोलवायला गेली. त्याने तिला हात धरून आत ओढलं आणि दार लावलं.

डोळे अंधाराला सरावले तशी समोरची भिंत उजळत गेली. खाली निळं आभाळ, त्यात लिंबाचा शेंडा हलत होता. वरच्या बाजूने दगडोबा, तिचे वडील, पांढऱ्या धोतरात निवांत चालत होते. ही आकृती तिने फळ्यावर वर्षानुवर्षं काढली होती. तिच्या आकृतीत फक्त एक मेणबत्ती असायची.

ती हसली.

"हसायलीस का आत्या?"

तिने दार उघडून हाक मारली, "रेणू, लवकर ये."

रेणुका सावकाश आली. आईने सांगितलं म्हणून भिंतीकडे बघितलं.

"वरचा किरण खाली जातो, म्हणून ना?"

"हो, पण बघ ना, आबा कसे दिसतात."

"बघितलं. जाऊ मी?"

वर्षाराणीला तिला थांबवायचं होतं. काय सांगून थांबवावं, ते सुचेना. रेणुका बाहेर गेली आणि दार उघडंच राहिलं. उजेड आत आला तशी भिंत कोरी झाली. शिवांश उठून दार ओढू लागला.

"बस आत्या," तो म्हणाला, "आता म्हशी येतील."

ती कापसावर टेकली. बाहेर ओसरीवरून रेणुकाचा आवाजही येत नव्हता.