बाळंतिणीला सांगायचं नसतं

चुडावा गावात बाळंतीण म्हणजे काचेचं भांडं. तिला वारं लागू द्यायचं नाही, गार पाणी द्यायचं नाही, आणि वाईट बातमी तर कानावरसुद्धा पडू द्यायची नाही. बातमी ऐकली की दूध आटतं म्हणे. कोण म्हणालं, कधी म्हणालं, देव जाणे! पण सरजाबाईच्या घरात हा कायदा होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

सरजाबाईची लेक धम्मशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सिझर करून लेकरू काढलं, आणि बघता बघता त्याचे ओठ जांभळे पडले. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन मुंबईलाच होईल, आणि लवकर व्हायला पाहिजे. धम्मशीलेचे टाके ओले, अंगात कणकण. तिला मागंच ठेवलं. नवरा नागेश आणि नणंद सुकेशनी लेकराला अॅम्ब्युलन्समधून घेऊन गेले. तिनं त्याला धड मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं.

घरी सोडताना नर्स सांगून गेली, "दूध पिळून काढत राहा. आज तो पिणार नाही, पण पुढं पिईल. बंद पडू देऊ नका."

तेवढं एकच काम तिच्या हाती उरलं. भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि वाटीत दूध काढायचं. सरजाबाई ती वाटी नेऊन पेरूच्या बुडाशी ओतायची, आईचं दूध पायदळी जाऊ नये म्हणून. लेकरू तिकडं उपाशी आणि इकडं पेरू तृप्त, हा कुठला न्याय! मोबाइल सरजाबाईच्या कमरेला खोचलेला. तो वाजला की ती अंगणात जायची आणि परत येऊन म्हणायची, "बरं हाय."

"बरं म्हंजे काय, माय?"

"बरं म्हंजे बरं. पड तू."

हे 'बरं हाय' धम्मशीलेच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिचे वडील सिताराम नांदेडला दवाखान्यात वारले, तेव्हा तिची भावजय पिंकी येलदरीला माहेरी बाळंतीण होती. पिंकीचा फोन आला तो हिनंच उचलला. "वहिनी, मामंजी बरे हायत, आत्ताच चहा प्याले," म्हणाली. मयत अंगणात, आणि ही चहा पाजायली! पुढं खरं कळल्यावर पिंकीनं कित्येक महिने तिच्याशी अबोला धरला.

मग एके दिवशी सकाळी फोन वाजला, आणि सरजाबाई अंगणात गेली ती लवकर आलीच नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "बरं हाय," म्हणाली आणि चुलीकडं वळली. दूध यावं म्हणून रोज करायची ती अळिवाची खीर त्या दिवशी केली नाही. दुपारी धम्मशीलेच्या छातीत गाठी झाल्या, अंग तापलं, ठणका सोसवेना. तेव्हा शेजारची सुलाबाई आली. तिच्या ओच्यात मोगऱ्याची फुलं होती.

मोगरा छातीला बांधला की दूध आटतं, हे चुडाव्यात शेंबड्या पोरीलाही माहीत. आणि तो कुणाला बांधतात, तेही माहीत. जिचं पिणारं गेलं, तिला.

सुलाबाई बिचारी भल्यासाठीच आली होती. "लय तरास व्हायलाय लेकराला. जरा उतरू दे," असं धम्मशीलेविषयी म्हणाली. पण धम्मशीलेचं लक्ष आईकडं. आता माय म्हणंल, नको गं मोगरा, नातवाला दूध लागतंय. सरजाबाई मान खाली घालून जुन्या लुगड्याची पट्टी फाडत बसली.

धम्मशीलेनं फोन मागून घेऊन नागेशला लावला. "अवो, खरं सांगा मला."

नागेश घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बरं हाय. आत फोन नेऊ देत न्हाईत, न्हाईतर दावला असता."

तिनं फोन आईला दिला आणि पट्टी बांधायला हात वर केले.

आठवडाभर तिनं दुखवटा पाळला, पण कुणाला न सांगता. आई आपल्यासाठी रडू दाबायली, तर आपणही तिच्यासाठी दाबावं, असं तिनं ठरवलं. एका खोलीत दोघी मायलेकी, आणि दोघी एकमेकींपासून तोंड चोरतायत! एवढं एकटं तिला जन्मात वाटलं नव्हतं. ज्याला कुणी गेला म्हणतच नाही, त्याच्यासाठी रडावं तरी कुणाच्या गळ्यात पडून? त्याचा चेहरा आठवायला जावं, तर जांभळे ओठ तेवढे आठवायचे. ठणका गेला. पट्टी सैल झाली.

आणि मग सरजाबाई मोबाइल नाचवत घरात शिरली. "श्वासाची नळी काढली गं! रडायलाय तुजं लेकरू, आवाज फुटला त्याला!"

स्क्रीनवर लेकरू तोंड वासून रडत होतं. धम्मशीला बघतच राहिली. बाजूनं नागेश बोलत होता, "आता साद्या वार्डात आणलंय. डॉक्टर म्हणायलेत आईचं दूध सुरू करू. ये लवकर."

तेव्हा कुठं सरजाबाईच्या तोंडून खरं निघालं. मोगरा बांधला त्याच्या आदल्या दिवशी ऑपरेशन झालं होतं. आत सूज होती, म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस छाती शिवली नव्हती, नुसती झाकून ठेवली होती. "उघड्या छातीचं लेकरू, कसं सांगावं बाई तुला? मलाच वाटलं, गेलं आता. मागनं शिवली, पर नळी निघंस्तोवर भरवसा वाटंना."

धम्मशीलेनं पट्टी सोडली. काळी पडलेली फुलं मांडीवर पडली. वाटी घेऊन ती बसली, पिळून पिळून डोळ्यांत पाणी आलं. वाटीचं बूड काही भिजलं नाही.

"माय, छाती उघडी हाय पण जितं हाय, एवढं म्हणली असतीस," ती म्हणाली, "तर मी आटू दिलं नसतं गं."

सरजाबाई डोक्याला हात लावून खाली बसली.

पूर्णा स्टेशनावरून गाडी धरून धम्मशीला मुंबईला पोचली. लेकराचे ओठ गुलाबी झाले होते. तिनं काखेत हात घालून त्याला उचलायला घेतलं, तोच सुकेशनी ओरडली, "वहिनी, तसं न्हाई! छातीचं हाड जुळायचंय अजून."

तिनंच अलगद उचलून लेकराला धम्मशीलेच्या अंगाशी दिलं. ओढू द्या, ओढता ओढता दूध येईल परत, असं नर्स म्हणाली. त्यानं ओढलं, थकला, चिडून रडायला लागला. सुकेशनी पलीकडून नुसतं "ए राजा" म्हणाली, आणि तो गप्प होऊन तिकडं वळला. मग तिच्याच हातून वाटी-चमच्यानं डब्यातल्या पावडरीचं दूध गटागटा प्याला.

धम्मशीलेनं पदर सावरला. रागावणार कुणावर? त्या पोरीनं तिचं लेकरू जगवलं होतं.

"सुकेशनी," ती म्हणाली, "कसं उचलायचं ते शिकव मला."

नणंदेनं तिचा एक हात लेकराच्या मानेखाली ठेवला, दुसरा कमरेखाली. "आता उचला."

धम्मशीलेनं उचललं. लेकरानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं, परक्या माणसाकडं बघावं तसं.

"मी आई हाय रे तुजी," ती म्हणाली, आणि कोरड्या छातीला त्याला पुन्हा लावलं.