माझ्या अंगावरची पितळी पाटी

मी एक काठवट बोलतेय. पीठ मळायची नव्हे, बाळ निजवायची. ऑस्ट्रेलियातल्या एका नदीकाठच्या निलगिरीची जाड साल अलगद सोलून आमच्या म्हाताऱ्या लॉर्नाच्या आजोबांनी मला घडवलं. ते झाड अजून उभं आहे, अंगावर माझ्या मापाचा वण घेऊन.

लॉर्नाची धाकटी बहीण माझ्यातच झोपायची. तिचं नाव मी घेणार नाही. ती गेल्याच महिन्यात वारली, आणि आम्हा आदिवासींकडे दुखवटा संपेपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव कुणी काढत नाही. काढलं तर त्याला धड जाताही येत नाही.

ती रांगतही नव्हती तेव्हा सरकारी गाडी आली. काळ्यांची पोरं हिरावून न्यायची, असा तेव्हा गोऱ्यांचा कायदाच होता. बाळाला त्यांनी उचललं, मला आमच्या वस्तीवरच्या गोऱ्या मॅनेजरच्या बायकोनं. बाळ अनाथाश्रमात वाढलं, मी मॅनेजरच्या जेवणाच्या टेबलावर संत्री सांभाळली. पुढे माझी रवानगी टाउन हॉलमधल्या काचेच्या कपाटात झाली.

म्हातारपणी ती गावी परतली. काचेला नाक लावून मला म्हणायची, "मेले, माझ्यापेक्षा तूच धड राहिलीस की!" आणि हसायची. मला मात्र रडू यायचं.

यंदाच्या गोऱ्या-काळ्यांच्या सलोखा मेळाव्यात मला लॉर्नाच्या घरी परत द्यायचं ठरलं. लॉर्नाची नात नेरिडा बाळंत झाली होती. त्या तान्हीला आमच्या रीतीप्रमाणे माझ्यात निजवून ओल्या पाल्याच्या धुरातून न्यायचं होतं. म्हटलं, सुटले एकदाची.

मैदानात भाषणं झाली, सॉसेज भाजले. मेळावा भरवणारी हेदर मनानं फार चांगली बाई. तिनं माझ्यावरचं कापड ओढलं. माझ्या कुशीला स्क्रूनं बसवलेली पितळी पाटी होती, तिच्यावर गेलेल्या बहिणीचं नाव. हेदरनं ते माइकवरून वाचलंसुद्धा.

टाळ्या पडल्या. आमची माणसं माना खाली घालून बसली. नेरिडानं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"आवडली ना आँटी? मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं," हेदर लॉर्नाला म्हणाली.

"विचारायचं तरी होतंस गं. हे नाव असलेली काठवट घरात कशी नेऊ?" लॉर्ना माझ्याकडे न बघता म्हणाली. "काढ ती पाटी."

हेदरचा चेहरा उतरला. "काढली असती हो. पण वर्गणीतून केलीय. मेयरना विचारावं लागेल. लोक दुखावतील."

"लोक. आणि आम्ही कोण गं?"

नेरिडानं बाळाला हातांवरच धुरातून नेलं. मी पुन्हा कपाटात आले.

आता कपाटात दिवाही बसवलाय. ते नाव रस्त्यावरून वाचता येतं. लॉर्ना बाजाराला निघाली की पलीकडच्या बाजूनं जाते, इकडे बघतसुद्धा नाही.

मला आता भाषणं नकोत. तुमच्यापैकी कुणाकडे स्क्रू-ड्रायव्हर असेल, तर तेवढा घेऊन या. आणि जरा लवकर या. पोर वाढतंय. थोड्या दिवसांनी ते माझ्यात मावणार नाही.