सीटवरचं वजन

रेसच्या गाडीचे चार कोपरे तोलताना चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवतात, नाहीतर गाडी वळणावर दगा देते. आणि दादा जाऊन वर्ष होत आलं तरी आमच्या गॅरेजात बाबा अजून दादाच्याच वजनावर गाडी जुळवत होते.

"उद्याच्या रेसला मी बसणार आहे. माझ्या वजनावर जुळवा," मी म्हटलं.

"आल्या वकीलबाई! ती सीट दादाची आहे."

"दादा नाहीये, बाबा. आणि पिशव्यांना ब्रेक दाबता येत नाही."

मी सीटवरची एक पिशवी उचलली आणि तोल जाऊन मागेच गेले, कारण ती उशीसारखी हलकी होती. आत वाळू नव्हतीच, कापूस होता. सगळ्या पिशव्या बाहेर फेकल्या, तरी चाकांखालच्या वजनकाट्यांचे पडद्यावरचे आकडे हलले नाहीत. गाडी जॅकवर उचलून काटे तपासले. शून्य चोख होतं. गाडी पुन्हा टेकवली, तर रिकाम्या सीटवर दादाचं वजन जसंच्या तसं.

"पिशव्या दिसल्या की कुणी विचारत नाही," बाबा खालच्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! झाकायचं तुम्ही, आणि गप्प बसायचं आम्ही?" मी दार उघडलं. "दादा, ऊठ. तुझी पाळी झाली."

"त्याला असं बोलू नकोस गं."

"तुमच्या लाडानेच ठाण मांडून बसलाय तो."

मी बसले. आकडे थरथरले, घसरत आले आणि बरोबर माझ्या एकटीच्या वजनावर थांबले. बाबा पाना घेऊन खाली वाकले. स्प्रिंगखालच्या चकत्या फिरवून त्यांनी तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांचं वजन जुळवलं, चाकांचे कोन दोरी लावून सरळ केले, आणि पहिल्यांदाच गाडी माझ्यासाठी जुळवली गेली.

जिंकल्याच्या तोऱ्यात मी उतरले, दार लावलं.

आकडा उतरला नाही. रिकाम्या सीटवर माझंच वजन होतं.

"काटा अडकलाय, बाबा." ते वळले नाहीत. मी टपावर हात आपटला. "बाबा, मी इथे आहे!"

ते खिडकीशी वाकले होते, दादा गेल्यापासून न ऐकलेल्या मऊ आवाजात रिकाम्या सीटला विचारत होते, "पट्टा काचत नाही ना गं, बाळा?"