जितीचा टाक

आण्णाप्पा सोनार बायकोला घेऊन आमच्या दारी आला तो तोंड पाडूनच. शहापुरात आमची गल्ली विणकरांची, त्याची दोन गल्ल्या पलीकडं. सणावाराशिवाय तो कधी यायचा नाही. दोघं ओसरीवर टेकली आणि त्याच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, ह्यांच्या घरचं कोण गेलं की काय.

"वैनी, सांगावा तरी धाडायचा," तो म्हणाला. "आम्ही काय परकं हाय? पोरगी गेली, आन् टाक घडवायला आल्यावर आम्हांला कळतंय."

"कुणाची पोरगी?"

तेवढ्यात आमची अंजनी आतनं पाण्याचा तांब्या घेऊन आली. सोनारीण किंचाळलीच. आण्णाप्पा तोंड उघडं टाकून बघत राहिला. आमच्या अंजनीनं तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "काकी, साप दिसला काय?"

मग एकेक बाहेर पडलं.

आमच्यात पहिली बायको मेली आणि पुरुषानं दुसरं लग्न केलं, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर बाईचं रूप ठोकलेलं. मेलेली सवत त्यात बसते आणि नवीला छळत नाही. तो टाक मेलेलीच्या माहेरच्या सोनारानंच घडवायचा, तिचं नाव घेऊन. परक्या हातच्या टाकाला ती ओळख देत नाही म्हणतात. आमच्या जावयाचं घोडं ह्या रीतीतच अडकलं होतं.

जावई म्हणजे परशराम, खानापूरचा. आमच्या मागावरची लुगडी घेऊन समुद्राकाठच्या बाजारात विकायचा. अंजनीला दोन दिवाळ्यांमागं आमच्याकडं पोचवली आणि म्हणाला, "पंचमीला न्यायला येतो." पंचमी गेली, गौरी गेल्या. पोरगी प्रत्येक सणाला नवं लुगडं नेसून, पेटी भरून ओसरीवर बसायची, आणि दिवेलागणीला पेटी पुन्हा आत जायची. मी बोलावणं धाडलं नाही. ज्यानं सोडली त्यानं यावं. खानापूरच्या वाटेला मी पाऊल टाकणार नाही म्हणून माझी आण होती, आणि ती मी पाळली. मला काय ठाऊक, त्या आणेच्या आडोशाला बसून तो माझ्या पोरीला मारून मोकळा झाला असेल?

खानापुरात त्यानं सांगितलं होतं, माहेरी पटकीनं गेली. कारवारच्या अलीकडं सदाशिवगडला नारणप्पा म्हणून आमच्याच जातीचा कापडवाला. त्याची पोरगी ह्याच्या डोळ्यांत भरलेली. नारणप्पा म्हणाला, बिजवराला देतो, सवतीवर देणार नाही. आधी टाक दाखव. मग परशरामनं चुलतभावाला शहापूरला धाडलं. तो भाऊही खरं मानूनच आला असणार, कारण टाक होईतोवर भट्टीपाशी बसून त्यानं लग्नाची सगळी हकिकत सोनाराला सांगितली. नाव सांगितलं, अंजनी. आदल्याच दिवशी टाक घेऊन गेला होता.

आमचे मालक, तम्मण्णा, मागावरनं उठून आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. "आपल्या पोरीचा टाक," एवढंच म्हणत राहिले.

अंजनीनं आण्णाप्पाला विचारलं, "नाक कसं काढलंसा हो काका? माझं बसकं हाय."

तो आपलंच नाक चोळायला लागला. मग ती माझ्याकडं वळली. "आई, जायचं असलं तर जा. पर त्याला माझ्यासाठी परत आणू नको. आन् मला तिकडं धाडू नको." असं म्हणून ती मागावर बसली. तिचा धोटा त्या दिवशी असा धावत होता की ऐकणाऱ्याच्या छातीत ठोके पडावेत.

मी गाठोडं बांधलं. अंजनीनं ज्वारीच्या भाकरी करून दिल्या.

खानापूर-लोंढ्यावरनं रानवाटेनं कारवार जवळ पडतं. पण त्याच वाटेनं त्याचं वऱ्हाड चाललेलं. कुणी बघितलं असतं तर तो सावध झाला असता. मला तो सावध नको होता. बाशिंग बांधलेला पाहिजे होता. म्हणून मी नि मालक सर्व्हिस मोटारीनं आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलो आणि दक्षिणेला जाणाऱ्या शिडाच्या पडावात बसलो.

मार्गशीर्षाचा महिना. समुद्र त्याआधी आम्ही दोघांनी बघितला नव्हता. पडावात निपाणीच्या तंबाखूची बोदं रचलेली, त्यांवरच आम्हांला जागा मिळाली. मालक शिंकून शिंकून बेजार. पहाटे जमिनीवरनं थंड वारा सुटला. मतलई म्हणतात त्याला. त्यानं शीड भरलं आणि पडाव किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली निघाला. मी घोंगडं पांघरून बसले. मालक ओंजळभर पाणी घेऊन चूळ भरायला गेले आणि थूथू करत परत आले.

"एवढं पाणी," ते म्हणाले, "आन् एक घोट पिववंना."

"आपला जावईच की," मी म्हटलं.

तांडेल मालवणी माणूस, सुकाणू धरून गमतीला आलेला. त्यानं विचारलं, "खंय गे आये, लग्नाक?"

"व्हय. लग्नालाच."

"लेकीच्या?"

"न्हाई बाबा. जावयाच्या."

त्यानं जो हसायला सुरुवात केली तो माझ्या तोंडाकडं बघून थांबला. नंतर दिवसभर मला त्यानं आवशी, म्हणजे आई, म्हणून हाक मारली, थट्टा केली नाही.

गोव्याचा किनारा डाव्या अंगाला सरकत होता. माड, पांढरी देवळं, पांढरी चर्चं. मालकांनी गाठोडं सोडलं तेव्हा मला दिसलं, त्यांनी एक गाठोडं निराळं आणलं होतं. त्यात नवं धोतर, पटका आणि शेंडीचा नारळ.

"हे कुणाला?"

त्यांनी गाठोड्याची गाठ पुन्हा आवळायला घेतली.

"कुणाला आणलंसा हे?"

"आगं, समजुतीनं घेऊया," ते म्हणाले. "मान दिला तर माणूस वळतो. म्हणावं, झालं गेलं, तिलाबी ने. दोघी नांदतील. सवतीवर नांदणाऱ्या बायका काय थोड्या हायत? आपण किती दिस पुरणार हाय तिला?"

"मेलेल्या पोरीला नांदवा म्हणून हात जोडणार? त्यानं तिला जाळली, राख केली, पत्र्यावर ठोकली, आन् तुम्ही त्याला पटका बांधणार?"

"लोक काय म्हणतील? घरात बसलेली पोरगी..."

"लोकांनी तर तिचं बाराव्याचं जेवण जेवून हात धुतल्यात. आता लोकांचं काय राहिलंय?"

"तुला तुझा राग मोठा," ते म्हणाले. "पोरीचा जलम न्हाई."

हे मात्र लागलं. खोटं कशाला लिहू, राग मोठा होताच. सदाशिवगडच्या मांडवात परशरामचं तोंड कसं होईल, हे मी बोदावर बसून इतक्या वेळा बघितलं होतं की भुकेची आठवण राहिली नव्हती. पण पोरीनं सांगितलेले शब्द माझ्या पदरात होते, ह्यांच्याही कानावर पडले होते.

"पोरगी काय म्हणाली, ऐकलंसा न्हवं?"

"लहान हाय ती."

"मरायला मोठी झाली, बोलायला लहान?"

मी तो नारळ उचलला, पडावाच्या काठावर आपटला आणि फोडला. पाणी समुद्रात गेलं. खोबरं तांडेलाला आणि खलाशांना वाटलं. मालकांच्या हातावर तुकडा ठेवला तर त्यांनी मूठ मिटली नाही, तसाच हात पसरून बसले. दुपारी वारा फिरला, पडाव कलला, आणि तुकडा घरंगळून गेला. त्यानंतर काळी नदीच्या मुखात शिरेपर्यंत ते बोदांच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला.

सदाशिवगडला उतरलो तेव्हा सनई चालू होती. घर विचारावं लागलं नाही.

मांडवाच्या दारात मी माझं नाव सांगितलं, जयवंता, शहापूरची, परशरामच्या पहिल्या बायकोची आई. नारणप्पाची बायको धावत आली आणि माझ्या पाया पडली. "केवढं मोठं मन तुमचं! पोटची पोर गेली आणि तुम्ही एवढा दर्या ओलांडून आलात! माझ्या पोरीला आता भीती नाही. टाक तुमच्याच हातानं बांधा."

मी म्हटलं, "त्यासाठीच आलोय."

आम्हांला पाटावर बसवलं. पाय धुवायला पाणी दिलं. परशराम बोहल्याशेजारी बाशिंग बांधून बसला होता. त्यानं मला बघितलं. मुंडावळ्या थरथरायला लागल्या. मी पदर सावरून त्याच्याकडं बघून हसले. असं हसणं मला आयुष्यात पुन्हा आलं नाही.

तो लगबगीनं उठला, पाया पडण्याचं निमित्त करून आमच्या दोघांमध्ये वाकला आणि कुजबुजला. "मामा, पाया पडतो, गप बसा. तिलाबी नेतो. पुढच्या म्हयन्यात येऊन नेतो. दोघींना नांदवतो. आण घेतो."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत आशा होती. ती मला दिसली. आता मालक गप्प बसले, तर माझी पोर जिवंतपणी परशरामच्या घरात मेलेली म्हणून राबणार.

भटजींनी तबकात टाक आणला. काळ्या दोऱ्यात ओवलेला, हळदकुंकू वाहिलेला. नवरी पुढ्यात बसली. कोवळी पोर, हळदीनं पिवळी झालेली, मनगटं काडीसारखी. तिनं मान पुढं केली.

"आई, मेलेलीचं नाव घ्या आणि बांधा," भटजी म्हणाले.

मी टाक हातात घेतला. नाक धारदार काढलं होतं. आमच्या अंजनीचं बसकं आहे.

"मेलेलीचं नाव मला ठाऊक न्हाई," मी म्हटलं. "जितीचं सांगतो. अंजनी. शहापुरात माझ्या घरात मागावर बसलीय."

सनई थांबली. मी गाठोडं सोडून उरलेल्या दोन भाकरी काढल्या आणि तबकात ठेवल्या. वाळून कडक झालेल्या. "निघताना तिनं ह्या बांधून दिल्या. तुमच्यात मेलेल्या बायका भाकरी थापतात काय?"

"म्हातारी पोरीच्या दुःखानं भ्रमलीय," परशराम ओरडला. "मामा, सांगा की! तुम्ही तर सांगा!"

सगळा मांडव मालकांकडं वळला. नारणप्पा हात जोडून त्यांच्यापुढं उभा राहिला. "तुम्ही पुरुषमाणूस. बाप. तुमच्या तोंडून ऐकतो. पोरगी गेली की आहे?"

मालकांनी परशरामकडं बघितलं. भाकरींकडं बघितलं. भाकरीच्या काठावर अंजनीच्या बोटांचे ठसे असतात, ती थापताना कड दाबून घेते, लहानपणापासनं. त्या ठशांवर त्यांची नजर थांबली.

"जिती हाय," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "जिती हाय. आन् ह्याच्याकडं येणार न्हाई."

एवढ्या वर्षांच्या संसारात मला त्यांचा असा अभिमान वाटला नव्हता.

नारणप्पाचे पोरगे उठले. परशराम त्यांच्या हातून निसटून माझ्या पायांवर पडला. "चुकलो. आत्ता येतो. तुमच्याबरोबर पडावात येतो. तिला घेऊन जातो, एकटीलाच नांदवतो. बायको हाय ती माझी!"

"बायको मेली न्हवं तुझी?" मी म्हटलं. "देवाबामणांपुढं तूच सांगितलंस. माझ्या सोनाराकडनं घडवून आणलंस. मग आता तुला खोटं कशाला पाडू?"

तो वाकलेलाच होता. मी टाक त्याच्या गळ्यात बांधला. बाशिंगाचा दोरा आडवा येत होता, तो बाजूला सारला, आणि विणकराची गाठ मारली. ती सुटत नाही, कापावी लागते.

"नव्या बायकोच्या गळ्यात कशाला? जिची भीती ज्याला, त्याच्या गळ्यात."

कुणीतरी हसलं. मग सगळा मांडव हसला. पोरांनी त्याला बाशिंगासकट बाहेर काढला आणि नदीच्या काठापर्यंत नेला. टाक त्याच्या छातीवर हालत होता. नवरीची आई कपाळ बडवून घेत होती, अंगाला लागलेल्या हळदीचं काय करू म्हणून.  नवरी मात्र रडत नव्हती. तिनं आपल्या मोकळ्या गळ्यावरनं हात फिरवला आणि तबकातल्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

परतताना तोच पडाव, वारा समोरचा. पडाव रडत-रखडत वर चढला. मालकांनी नवं धोतर नि पटका तांडेलाला देऊन टाकला. त्यानं तिथंच पटका बांधला आणि विचारलं, "आवशे, लग्न बरा झाला?"

"झक्कास झालं," मालकच म्हणाले.

घरी आलो तर अंजनी मागावरच होती. तिनं धोटा थांबवला नाही.

"टाक बांधला?"

"बांधला."

"कुणाला?"

मी सांगितलं. धोटा तिच्या हातातनं सुटून जमिनीवर गेला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं. मालक तिच्या शेजारी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसून राहिले.

त्यानंतर परशरामला कुणी पोरगी दिली नाही. त्यानं दोरा कापला असणार, पण टाकाचं काय करावं हे त्याला कळेना. देव्हाऱ्यात ठेवला तर जिती बाई पुजायची कशी? नदीत टाकला तर मेलेलीचा अपमान, आणि ती मेली असं त्यानंच सांगितलेलं. खानापूरचा सोनार हात लावीना. शेवटी तो शहापूरला आण्णाप्पाकडं आला, वितळवून दे म्हणाला.

आण्णाप्पा म्हणाला, "वितळवतो की. पर जिच्या नावानं घडवला, तिच्या आईनं हो म्हटलं पायजे. दोन गल्ल्या पलीकडं घर हाय. इचारून या."

अजून आलेला नाही. रोज दुपारचं काम आटपलं की मी ओसरीवर पान लावत बसते. बाजूला पाट मांडून ठेवलाय, जावयासाठी.