बारा तारखेची पाळी

थेरेसानं नारळाची शेंडी बादलीत बुडवली आणि क्रुसाच्या आडव्या हाताखालचं, वाळून काळं पडलेलं शेवाळ घासायला घेतलं. मे महिन्यात हा क्रूस रोज कुणी ना कुणी धुवायचं, पण त्या जागेपर्यंत कुणी पोचत नसे. स्टुलाचा एक पाय लंगडा होता. त्याखाली तिनं करवंटी सरकवली होती.

लेस्लीनं स्कूटर थांबवली, पण बंद केली नाही.

"काकी, अहो, हे काय चालवलंय?"

"दिसत नाही? आंघोळ घालतेय."

"आजची पाळी व्हिव्हियनकडे दिलीय. गल्लीच्या ग्रुपवर टाकलं होतं मी."

"ग्रुप मी बघत नाही. नऊ महिने त्यावर नुसते जोडलेले हात येतायत." ती खाली उतरली, स्टूल दुसऱ्या बाजूला लावलं आणि करवंटी पुन्हा पायाखाली नीट बसवली. "बारा मे कुणाचा, लेस्ली?"

लेस्लीनं स्कूटर बंद केली. मे महिनाभर रोज संध्याकाळी सातला गल्ली या क्रुसापाशी जमून जपमाळ म्हणायची. एकेक दिवस एकेका घराचा. ज्याची पाळी त्यानं क्रूस सजवायचा, पुढं उभं राहून प्रार्थना सांगायची आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. बारा तारीख थेरेसाच्या सासूच्या सासूपासून त्यांच्या घराची होती.

"तुमचाच," लेस्ली म्हणाला. "पण म्हटलं यंदा तुम्हांला त्रास नको. जेन्सनचं असं झाल्यावर... शेवटी देवाची..."

थेरेसानं शेंडी पिळली.

"बोल ना. देवाची काय?"

"काही नाही काकी. व्हिव्हियनला सांगतो मी, चणे भिजवले असतील तर घरीच खा म्हणून."

गेल्या ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या मित्रांबरोबर तिचा मुलगा जेन्सन कळंबच्या समुद्रावर गेला होता. चौघे पाण्यात उतरले, तिघे बाहेर आले. पंचवीस वर्षांचा होता. मातीला पापडीपासून होळीपर्यंतच्या गावांतली माणसं लोटली, आणि प्रत्येकानं तिचा हात हातात घेऊन तेच सांगितलं: देवाची इच्छा. एका बाईनं तर हे सांगताना तिच्या खांद्यावरचा केस उचलून टाकला होता. थेरेसाला तो केस अजून आठवे. त्या बाईचं नाव मात्र आठवत नसे.

त्यानंतरही चर्चचा तिचा एक रविवार चुकला नव्हता. तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी ती बसे. सगळी मिस्सा म्हणे, सगळी गाणी म्हणे. फक्त 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू झालं, की 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीला तिचे ओठ मिटत. एवढ्या माणसांत एक आवाज गळला तर कळतो कुणाला? तिच्या नवऱ्याला, प्लासिडला कळला होता. तो तिच्या शेजारी बसायचा. नोव्हेंबरपासून त्यानं चर्चला यायचंच सोडलं. "तिथं जाऊन अर्धवट गप्प बसायचं, त्यापेक्षा मी घरी पूर्ण गप्प बसतो," एवढंच तो म्हणाला, आणि केळीला पाणी सोडायला निघून गेला.

ती घरी आली तेव्हा चणे कुकरात शिजत होते. प्लासिड ओट्याशी उभा राहून शिट्ट्या मोजत होता. नवऱ्याला हे काम तिनं सांगितलं नव्हतं.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"आज तू पुढं उभी राहणार. बापाच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग पुढच्यानं एकट्यानं म्हणायचा असतो. 'रोजची भाकर' तिथून पुढं लोक म्हणतात."

"चाळीस वर्षं म्हणतेय. मला शिकवतोस?"

"ती ओळ तुझ्या वाटणीला आहे. एकदा नाही, पाच वेळा."

थेरेसानं कांदा घेतला. हे तिच्या काल रात्री चणे भिजवतानाच लक्षात आलं होतं. मूठ पाण्यात तशीच राहिली होती.

"मग खोटं बोलणार?"

"त्याच्याशी? आजवर बोलले नाही."

"मग लेस्ली म्हणतो तसं व्हिव्हियनला करू दे. लोक काय, चार दिवस बोलतील."

"का म्हणून? पाळी माझी आहे." सुरी फळीवर जरा जोरात पडली. "देव घरी आला तर मी दार लावायचं, की त्याच्याकडे जायचं मी सोडायचं? मी कुठंही जाणार नाही. भांडायचं तर समोर उभं राहूनच."

प्लासिडनं शिट्टी मोजली. गॅस बंद केला. "मी येणार नाही," तो म्हणाला.

"तुला बोलावलं कुणी? कुकर तेवढा उतर."

साडेसहाला पलीकडच्या वाडीतली रुक्मिणी मोगऱ्याची माळ घेऊन आली. दर बारा मेला ती आणायची. लहानपणी जेन्सननं तिच्या झाडाचे आंबे इतके पळवले होते, की शेवटी एक फांदीच तिनं त्याच्या नावावर करून टाकली होती. यंदा त्या फांदीचे आंबे तिनं उतरवले नव्हते. ते पिकून खाली पडत होते.

"घे," रुक्मिणी म्हणाली. "आणि तुझ्या देवाला सांग, यंदाची माळ मी रागात ओवलीय."

"घट्ट झालीय."

"रागानं गाठ चांगली बसते."

सातला पंचवीस-तीस माणसं जमली. काही खुर्च्यांवर, काही वाडीच्या बांधावर. व्हिव्हियन आपला स्पीकर घेऊन आला होता. थेरेसानं त्याला तो बाजूला ठेवायला सांगितलं. मंगळवार होता, म्हणून जपमाळेची दुःखाची रहस्यं: येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग, प्रत्येकाला एकदा बापाची प्रार्थना आणि दहा नमो मरिया. तिनं क्रुसाची खूण केली आणि पहिलं रहस्य सांगितलं: येशू गेथसेमानी बागेत प्रार्थना करतो.

"हे आमच्या स्वर्गातील बापा, तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो..."

ती थांबली.

मेणबत्त्या फडफडत होत्या. लोकांना वाटलं, बाईचा कंठ दाटला. ते थांबले. पण थेरेसाचा कंठ दाटला नव्हता. ती मान वर करून क्रुसाकडे पाहत होती, वर्गात शिक्षकाकडे उत्तर न देता पाहतात तशी. कुणीतरी खाकरलं. शेवटी लेस्लीनं घाईघाईनं 'आमची रोजची भाकर' उचललं आणि बाकीचे त्याच्यामागून आले.

नमो मरिया तिनं खणखणीत म्हटल्या. दहाच्या दहा.

दुसऱ्या रहस्याला ती पुन्हा त्याच जागी थांबली. आता कुणालाच कंठाचं वाटलं नाही. मागच्या खुर्च्यांवर कुजबूज झाली, एका बाईनं 'अगं बाई' म्हणून पदर तोंडाला लावला. तिसऱ्या रहस्याला लोकांनी तिची वाट न बघता भाकर मागायला घेतली. चौथ्याला तर असं झालं, जणू ती प्रार्थना पहिल्यापासून तशीच होती. याचं मात्र थेरेसाला वाईट वाटलं. तिनं जागा मोकळी सोडली होती, आणि लोक ती बुजवून चालले होते.

पाचवं रहस्य: येशू क्रुसावर मरतो. "त्याची आई खाली उभी होती," तिनं पुढं जोडलं. जोडायची पद्धत नव्हती.

"...तुझे राज्य येवो."

ती थांबली. या वेळी लोकही थांबले. ते तिच्याकडे बघत नव्हते. माना वळवून मागं, गल्लीच्या टोकाकडे बघत होते. चप्पल घासत चालल्याचा आवाज आला, टोपाचं झाकण खडखडलं. थेरेसानं मागं पाहिलं नाही. हातातला मणी तिनं दोन बोटांत आवळून धरला.

"आमची रोजची भाकर," प्लासिडचा आवाज आला, बरेच दिवस न उघडलेल्या कुलपासारखा, "आज आम्हांस दे."

पुढचे शब्द तो विसरला. ते गल्लीनं म्हटले.

चणे वाटून झाल्यावर लेस्ली तिच्याजवळ आला. द्रोण हातातच होता, चणे खाल्ले नव्हते.

"काकी, राग मानू नका. ती ओळ..."

"ऐकली ना सगळ्यांनी? न म्हटलेली?"

"फादरच्या कानावर जाईल."

"जाऊ दे. तेही चणे खायला येतील." तिनं त्याच्या द्रोणात आणखी एक पळी घातली. "आजचं पहिलं रहस्य काय होतं, लेस्ली?"

"गेथसेमानी."

"तिथं येशूनं पहिल्यांदा काय म्हटलं?"

लेस्ली धर्मशिक्षणाच्या वर्गात हुशार होता. "हा प्याला माझ्यावरून टळो," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे नको म्हणाला. तुझी इच्छा वगैरे त्यानंतर. मी अजून त्याच बागेत आहे. पुढं सरकले, की ग्रुपवर टाकीन. आणि पुढच्या वर्षी बारा तारखेला माझं नाव परस्पर खोडू नकोस."

"नाही खोडणार."

ती घरी आली तेव्हा प्लासिड मागच्या मोरीवर टोप घासत होता. माळेतला उरलेला मोगरा तिनं जेन्सनच्या फोटोजवळ ठेवला, मग त्यातला अर्धा परत उचलून केसांत माळला. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

"चण्यात मीठ कमी होतं," प्लासिड आतूनच म्हणाला.

"शिट्ट्या तू मोजल्यास. मीठही तूच बघायचंस."

नळ बंद झाला. तो हात पुसत बाहेर आला. त्यानं तिच्या केसांकडे पाहिलं.

"उद्या कुणाची पाळी?"

"व्हिव्हियनची. त्याचा आजचा दिवस मी घेतला ना, तर तो उद्या करतोय."

"त्याच्या चण्यात मीठ नेहमी जास्त असतं," प्लासिड म्हणाला, आणि दाराशी जाऊन त्यानं आपल्या चपला वळवून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.